वीस नॅनोमीटरचा सूड

३ जानेवारी, सकाळी ६
नव्या वर्षाचा संकल्प: हर्षदला संपवणे. शास्त्रीय पद्धतीने. मुंबईच्या सेमिनारमध्ये भर सभेत म्हणाला होता, गणराजच्या, म्हणजे माझ्या, मॉडेलला उष्णता कळत नाही. सगळे हसले. आठ वर्षं झाली, मी विसरूनही गेलो. १४ नोव्हेंबर, पावणेबारा वाजता.

५ जानेवारी
हर्षदचा नवा पेपर वाचला. म्हणे सिलिकॉनचा पापुद्रा वीस नॅनोमीटर इतका पातळ केला, की उष्णता वाहणारी कंपनं त्याच्या पृष्ठभागांवर आपटतात, जाडी कितीही असो, पदार्थाची वहनक्षमता तीच, हा फूरिएचा नियम मोडतो आणि वहन सातव्या हिश्श्यावर येतं. असंच काहीसं मी दरवर्षी कॉलेजात शिकवतो. पण हर्षद म्हणतोय म्हणजे खोट असणारच.

१९ जानेवारी
माझं मॉडेल चालवलं. वहन जवळपास जाड सिलिकॉनएवढंच! फूरिए खरा, हर्षद खोटा. बोर्लीच्या बाजारातून सुरमई आणली.

२० जानेवारी
गणिताचे शारिक सर म्हणाले, एकदा इनपुट नजरेखालून घालतो. नको म्हटलं. हर्षदच्या पोस्टला याने मागे लाइक दिलं होतं. माणसं ओळखता आली पाहिजेत.

२ फेब्रुवारी
जर्नलला खंडन पाठवलं, कोडसकट. ‘प्राथमिक अज्ञान’ हे शब्द तीनदा. बायकोला, क्रांतीला, वाचून दाखवलं. ती घावन घालत होती. म्हणाली, “राग बराबर हाय तुमचा. आकडं तपासलंत का?”
म्हटलं, घावन करपतंय.

९ मार्च
हर्षदचं उत्तर आलं. अत्यंत नम्र. नीच माणूस. माझ्या इनपुटमध्ये जाडी वीस नॅनोमीटर नाही, वीस मायक्रोमीटर आहे म्हणे. हजारपट.
पाहिलं. आहे. पोरांना फूरिएचा नियम पटवायची प्रॅक्टिकलची फाइल, तीच कॉपी केली होती.
त्याने जाडी सुधारून माझंच मॉडेल चालवलं. त्याचाच सातवा हिस्सा जसाच्या तसा आला. आता छापतोय: ‘विरोधकाच्या मॉडेलने केलेली पहिली स्वतंत्र पडताळणी.’ वर माझे मनापासून आभार.

१२ मार्च
प्रिन्सिपॉलांनी कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स लावला. ‘हर्षद सरांचा सिद्धांत अचूक ठरवणारे आमचे गणराज सर.’ त्याचा फोटो मोठा, माझा कोपऱ्यात. मला खाली उभं करून फोटो काढला. हसा म्हणाले. हसलो.