लाकडी दारावरची हळद

रविवार, दसऱ्यानंतरचा

आईनं दसऱ्याला आजोबांच्या जुन्या, लाकडी बांधणीच्या मोटारगाडीची पूजा केली आणि हळदीची पाच बोटं नेमकी तिच्या लाकडी दारावर उमटवली. मी घासून घासून उजळवलेलं दार! काल रागात धुण्याचा सोडा चोळला, तर पिवळी बोटं लालभडक झाली. आई म्हणाली, "लिंबू चोळ अन् गाडी उन्हात लाव की. हळद उन्हानं उडती." झालंही तसंच. लाल पुन्हा पिवळं झालं, अन् आज धाराशिवच्या उन्हात पार फिकटलं.

संध्याकाळी ती दारावर हात फिरवत म्हणाली, "गेली का रं माझी बोटं?" मग उरलेली फिकट खूण राहू द्यायची का? छे! उद्याही गाडी उन्हातच. दार कोरं नसलं, तर पुढच्या दसऱ्याला ती बोटं उमटवणार कुठं?