दोन मंडप आणि एक पोट

मी, रायन सेबेस्टियन तुस्कानो, वय एकोणतीस, राहणार विरार पश्चिम, तिसरा मजला, तालुका वसई, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या डायनिंग टेबलवर बसून लिहितोय. डोकं ठिकाणावर आहे. पोट भरलेलं आहे, दुपारी बोंबील होते. दारूचा थेंब घेतलेला नाही. कुणी जबरदस्ती केलेली नाही, उलट माझी बायको अमिषा मघापासून पेन लपवतेय.

कारण असं की उद्या सोमवारी वसईच्या तहसील कचेरीसमोर मी पाण्यासाठी आमरण उपोषणाला बसतोय. एका नाही, दोन उपोषणांना. ते कसं, हे कलम चारमध्ये येईल. आधी सोप्या गोष्टी.

कलम १. फ्लॅट अमिषाचा. तिला सातवा महिना चालू आहे, बाळ आलं की दोघांचा. बाल्कनीतल्या तीन निळ्या पिंपांपैकी तडा गेलेल्या पिंपात कढीपत्ता लावावा. बाकी दोन भरलेली ठेवावीत, कशी ते मला विचारू नये.

कलम २. मी सातिवलीला नळाच्या प्लास्टिकच्या तोट्या बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी बघतो. पाच वर्षांत अकरा सॅम्पल तोट्या घरी आणल्या. बिल्डिंगमध्ये सगळ्यात भारी तोट्या आमच्याकडे आहेत. त्यांतून आजवर फक्त हवा आली. हवा आली की शिट्टी वाजते, आणि अमिषाची मावशी कुकर समजून गॅस बंद करायला धावते. दहा तोट्या शेजाऱ्यांत वाटाव्यात. अकरावी, निळ्या दांड्याची, अजून पॅकिंगमध्ये आहे. ती बाळाची. तिला कुणी हात लावायचा नाही.

कलम ३. आमच्या गेटजवळ तीन फुटांचा लोखंडी पाइप पडलाय. मागच्या इलेक्शनला एका उमेदवाराने त्याला हार घातला, नारळ फोडला आणि पाइपलाइन आली म्हणून सांगितलं. पेढेही वाटले, चांगले होते. तो निवडून आला, पाइप तिथेच राहिला. मग दुसऱ्या पार्टीने त्याच पाइपवर स्वतःचं पोस्टर चिकटवलं. मला राजकारण मनापासून आवडतं. कारखान्यात सगळे हसतात, म्हणतात, तुस्कानो, तुझा काय संबंध? अरे, ज्या माणसाला सकाळी दात घासायला पाण्याचा मग मोजून मिळतो, त्याने राजकारणात पडायचं नाही तर कोणी पडायचं? सदर पाइप माझ्या मालकीचा नाही, पण तीन वर्षांत कुणी विचारायलाही आलं नाही. म्हणून तो मी माझे वडील सेबेस्टियन यांना देतो. त्यांनी तो आगाशीजवळच्या आमच्या वाडीत क्रूसाच्या बाजूला उभा रोवावा. पुढचा उमेदवार आला की त्याला दाखवावा.

कलम ४. हे अमिषाने मी गेल्यावर वाचावं.

आमच्या वाडीतल्या विहिरींचं पाणी टँकरवाले पंप लावून उपसतात आणि शहरातल्या बिल्डिंगांना पोचवतात. त्यामुळे विहिरी खारट झाल्या. पप्पांची केळी करपली, मम्मीचा मोगरा गेला. गुरुवारी सकाळी वाडीने टँकर अडवायचं ठरवलं. माझा मित्र प्लासिड कमिटीत आहे, त्याने फोन केला. मी सुट्टी टाकून पोचलो आणि सगळ्यांच्या पुढे टँकरसमोर आडवा झालो. घोषणाही माझ्याच होत्या, यमक छान जुळत होतं. टँकर रिकामा परत गेला. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. इतकं भारी मला लग्नातही वाटलं नव्हतं. (अमिषा, हे वाक्य सोडून वाच.)

संध्याकाळी घरी आलो. सोसायटीचे सेक्रेटरी श्रीरंग परांजपे यांनी बोर्डावर खडूने लिहिलं होतं, आज टँकर नाही, गावकऱ्यांनी रोखला. तो आमचाच टँकर होता. अमिषाने खालच्या टाकीतून कळशी भरून आणली आणि दुसऱ्या मजल्यावर तिचा पाय घसरला. डॉक्टर म्हणाले दोघंही ठीक आहेत, पण आता वजन उचलायचं नाही. मी तिला काही सांगितलं नाही. पंख्याकडे बघत बसलो.

शुक्रवारी सोसायटीची मीटिंग झाली. श्रीरंगकाकांनी विचारलं, टँकर चालू करा म्हणून उपोषणाला कोण बसेल? त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझा हात वर. ते म्हणाले, एक दिवसाचं पुरे. मी म्हणालो, आमरण. लगेच अर्ज टाइप झाला. आणि आज रविवारी मिस्सा संपल्यावर प्लासिडने चर्चच्या पायरीवर मला मिठी मारली. टँकर बंद करा म्हणून वाडीही उपोषणाला बसतेय, आणि त्यांनी माझं नाव कालच देऊन टाकलंय. "पुढे झोपलास ना, आता पुढे बस." आजूबाजूला सगळे टाळ्या वाजवत होते. टाळ्या वाजत असताना मला नाही म्हणता येत नाही, हा माझा जुना आजार आहे.

तर कचेरीचं एकच गेट, एकच सोमवार, समोरासमोर दोन मंडप. मंडपवालासुद्धा एकच.

कलम ५. मी नक्की कुठल्या मंडपात मरायचं. सकाळी वाडीच्या, दुपारी सोसायटीच्या, असा विचार होता. पण

इथे लिहिणं थांबवावं लागलं. अमिषा मागे उभी राहून कलम चार वाचत होती.

"मी गेल्यावर वाच असं लिहिलंय," मी म्हणालो.

"मला गुरुवारीच माहीत होतं. टँकरवाल्याचा फोन आलेला. म्हणाला, भाभी, आपका मिस्टर सबसे आगे सोया था."

"मग बोलली का नाहीस?"

"बघत होते, तू किती दिवस पंख्याकडे बघतोस."

एवढ्यात बेल वाजली. दारात पप्पा, दोन्ही हातांत पाण्याचे कॅन, तीन मजले चढून धापा टाकत. आपल्या विहिरीचं, जेवढं गोड उरलंय तेवढं, सुनेसाठी आणलेलं. टेबलावरचा कागद त्यांनी चष्मा लावून पहिल्यापासून वाचला.

"आमरन? तू? गुड फ्रायडेला अकरा वाजता बिस्कीट खाल्लंस तू. मम्मीने बघितलं."

मला साक्षीदार हवा होता म्हणून श्रीरंगकाकांना मी आधीच बोलावून ठेवलं होतं. ते वर आले आणि पप्पांना बघून दारातच थबकले.

"तुम्हीच ते टँकर अडवणारे?"

"आणि तुम्हीच ते आमचं पानी पिनारे."

अमिषाने मध्ये चहा ठेवला. "त्याच पाण्याचा आहे. दोघांनी प्या."

काका घोटभर प्यायले. "अहो, आम्हाला काय टँकरची हौस आहे? नळ आला तर टँकरला कोण विचारतो?"

"हेच मी तीन वर्सं ओरडतोय."

"मग आमच्याकडे येऊन का नाही ओरडलात?"

"तुमच्या गेटवर वॉचमन. म्हनतो, रजिस्टरमध्ये लिहा, काम काय."

"लिहायचं ना, पाणी."

दोघं हसले नाहीत, पण चहा दुसऱ्यांदा मागितला. मग दोन्ही अर्ज रद्द ठरवले आणि कागद घेऊन एकच नवा लिहिला. मागणी एकच, नळाची पाइपलाइन, वाडीलाही आणि बिल्डिंगलाही. मंडपवाल्याला फोन गेला, तोही खूश, त्याच्याकडे ताडपत्री कमीच होती. आमरण खोडून साखळी उपोषण झालं, रोज एक जण. मी म्हणालो, पहिला मी. पप्पा म्हणाले, "पहिला मी. केळी माझी करपली." काका मंगळवारी. मला बुधवार मिळाला. खरं सांगायचं तर मला थोडं वाईट वाटलं, पहिल्या नावापुढे सही करायला नवीन पेन आणलं होतं.

तरीही मृत्युपत्र मी पुरं करतोय, बुधवार लांब आहे आणि मला ॲसिडिटी आहे.

कलम ५ (सुधारून). मी एकाच मंडपात बसेन. दुसरा नाहीच आहे.

कलम ६. ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही, असं कोर्टासमोरचा टायपिस्ट म्हणाला. पप्पा म्हणाले, "पाइप काढ माझ्या नावावरून. मला सही करायचीय." म्हणून कलम तीन रद्द. पाइप जागच्या जागी राहील. लाइन येईल तेव्हा पहिला तोच जोडावा, हार काढून.

कलम ७. ज्या दिवशी पाणी येईल त्या दिवशी कलम दोनमधली निळी तोटी पॅकिंगमधून काढावी. तोवर बाळ चालत असलं तर तोटी त्याने उघडावी. रांगत असलं तर पप्पांनी उचलून धरावं. त्या वेळी मी असलो तर मी फक्त टाळ्या वाजवीन.

हे मृत्युपत्र मी खुशीत केलंय.

सही: रायन से. तुस्कानो

साक्षीदार:
१. सेबेस्टियन तुस्कानो, आगाशी (सही)
२. श्रीरंग परांजपे, सेक्रेटरी (सही, सोसायटीचा शिक्का चुकून मारला गेला)

ठिकाण: विरार
दिनांक: ५ मे २००२

(खाली वेगळ्या अक्षरात)
मी साक्षीदार नाही, मला फ्लॅट मिळतोय. फक्त वाचलं. लग्नाबद्दलचं वाक्यसुद्धा वाचलं. बुधवारी बिस्किटांचा डबा माझ्या पर्समध्ये असेल. अमिषा.