जशी सून, तशी शिकवण

कार्तिक शुद्ध पंचमी, शके १७८६. सकाळ.

आजपासून रोजनिशी. मी सांगणार, हे लिहिणार. हे म्हणजे आमचे मालक. पटवाऱ्याकडे कारकुनी करून डोळे गेले, अक्षर तेवढं राहिलं. मला अक्षर येत नाही. कधी गरजही पडली नाही. मी 'मले' म्हटलं की हे 'मला' लिहितात. म्हणतात, कागदाची अब्रू असते. असू द्या. पण दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं लिहायचं, ही माझी अट.

वाचणारं कोणी नाही. मलाही वाचता येत नाही. म्हणून खरं तेच सांगीन.

त्याच दिवशी, दिवेलागण.

रोजनिशी का सुरू केली, ते सांगायचं राहिलं. अमरावतीच्या एका पेढीचा गुमास्ता शालिकराम येऊन गेला. दर्यापल्याड कुठे तरी गोऱ्यागोऱ्यांत लढाई जुंपली आहे, त्यामुळे आमच्या कपाशीला सोन्याचे दिवस. गावातल्या नत्थुजीने बैलांना चांदीचे घुंगरू केले. त्याच्या बायकोच्या पायात अजून कथलाची जोडवी.

गुमास्त्याचं म्हणणं असं. कापसातून सरकी काढायच्या चरख्या तो एका घरी ठेवणार. तिथे बायांनी बसायचं, हंगामभर काम. आज एक चरखी आमच्या पडवीत ठेवली, एक तिवस्यात पार्वताबाईच्या ओसरीवर. मार्गशीर्ष सरता सरता दोन्हीकडची रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, पाहणार आणि घर ठरवणार.

पार्वताबाई माझी मावसबहीण. तिच्याबद्दल वाईट बोलायचं नाही, असा माझा नेम आहे. तिची भाकरी कोणी खाल्ली असेल तर त्याला विचारावं.

शेजारची हलीमाबी येऊन बसली. तिचा लेक शफीक गाडी घेऊन फिरतीवर. काम तिवस्यात गेलं तर त्याची बायको अनवरी हंगामभर तिकडेच राहणार. कापसाच्या धुळीत तान्हं पोर नेता येत नाही, ते इथे राहणार. हलीमाबी म्हणाली, माणिकबाई, मी काय दूध पाजू त्याले? मी म्हटलं, काळजी नको, मी शिकवून राहिली ना. तिची काळजी वाढलेली दिसली. बाई भित्री आहे.

कार्तिक शुद्ध अष्टमी.

सरकारी शाळेवरून गेले. मास्तर सगळ्या पोरांना एकच पाढा एका सुरात म्हणायला लावतात. पुढच्या पोराला तो कालच येत होता, मागच्याला उद्याही येणार नाही. मी दारातून म्हटलं, मास्तर, घोडं अन् म्हैस एकाच दाव्याले बांधली तुमी. मास्तर म्हणाले, बाई, किलास एक, मास्तर एक. डोकंही एकच, असं त्यांना म्हणायचं असावं.

ठरवलं. माझ्या पडवीत प्रत्येकीला तिच्या कुवतीप्रमाणे शिकवण.

थोरली सून मैना हुशार. हात चालतो, तोंड त्याच्या पुढे चालतं. हलीमाबीची अनवरी बुद्धीनं मधली. धाकटी सून कौशल्या, अकोल्याची, ती मंद. काही विचारलं की उत्तर द्यायच्या आधी विचार करते. यावरूनच ओळखावं.

नियम केले. हुशार असेल तिला मोकळी सोडायची. मधलीला गोष्टी सांगून शिकवायचं. मंद असेल तिला अगदी एवढंसं काम द्यायचं, आणि झालं की म्हणायचं, जमून राहिलं तुले. खोटं असलं तरी म्हणायचं. त्यानं मंद माणसाला उभारी येते.

चरखी मी स्वतः फारशी चालवली नाही. पण पाहिली पुष्कळ. पोहणारा वेगळा, काठावरून सांगणारा वेगळा. काठावरच्याला सगळी नदी दिसते.

कार्तिक शुद्ध द्वादशी.

मैनाला मोकळी सोडली. तिनं चरखी अशी फिरवली की सरकीच चेंगरली. रुईवर तेलाचे डाग. दोष सरकीचा, यंदा कच्ची आहे. मैनाला म्हटलं, तू हुशार आहेस, तुझं तू पाहा. ती म्हणाली, म्हणजे तुमाले सांगता येत नाई का आत्याबाई? हुशार माणसं उर्मट असतात. चालायचंच.

अनवरीला गोष्टीतून शिकवलं. कापसाची गोष्ट माझ्या लग्नापासून सुरू करावी लागली. पोरगी ऐकणारी फार चांगली. मंग काकी, फिर काय झालं, असं विचारत राहते. वऱ्हाड वेशीपर्यंत आलं तोवर माझा डोळा लागला.

कौशल्याला पालापाचोळा निवडायला दिला. जमून राहिलं तुले, असं म्हटलं. तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

कार्तिक वद्य तृतीया.

कौशल्याला कापसाच्या उडत्या तुसाचा खोकला. मंद माणसासाठी उपाय सोपा हवा. तिला सांगितलं, पाण्याचा शिपका मार म्हणजे तूस बसते. मैनासाठी वेगळा धडा. तिला सांगितलं, कापूस उन्हात चांगला वाळव म्हणजे सरकी सुटते. अनवरीला सांगितलं, आहे तसा राहू दे, हात लावू नको. ज्याला जे झेपेल ते.

कार्तिक वद्य चतुर्थी.

ढीग एकच होता. हे काल कोणी मला सांगितलं नाही.

सकाळी मैना पसरत गेली आणि मागून कौशल्या शिंपडत गेली. अनवरी दोघींना हात लावू नका म्हणत मध्ये उभी. तिघींनी माझं तंतोतंत ऐकलं. शिकवण किती खोल गेली आहे, ते यावरून दिसतं. ओला कापूस चरखीला गुंडाळला आणि चरखी बसली.

त्याच दिवशी, जेवणानंतर.

यांनी लिहिता लिहिता बोरू खाली ठेवला. म्हणाले, वजन वाढवायले व्यापारी कापसाले पाणी मारतात, मुंबईत त्यावर सरकारनं कायदा केला. गुमास्ता ढिगात कोपरापर्यंत हात घालते. आत ओल लागली तर लबाड म्हणून गावभर नाव होते. मी म्हटलं, मी तर शिकवण म्हणून शिंपडायला लावलं. हे म्हणाले, रुई शिकवण सांगत नाई, ओल सांगते.

उद्यापासून स्वतः लक्ष घालणार. झोप बंद.

कार्तिक वद्य दशमी.

लक्ष घालत आहे. दुपारी मैना म्हणाली, आत्याबाई, जरा पडा तुमी, तुमचा जीव म्हणजे आमची चरखी. इतकं गोड ती माहेरी जातानाही बोलली नव्हती. पडले. अनवरीनं आपण होऊन विचारलं, काकी, वऱ्हाड वेशीपर्यंत आलं होतं ना? सांगायला बसले. वऱ्हाड वेशीतच राहिलं.

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, चंपाषष्ठी.

वांग्याचं भरीत झालं. जास्त खाल्लं, म्हणून दुपारी निजले. हा अपवाद.

रोज उठते तेव्हा पडवीत चकचकीत पांढरी रुई. मी जागी असताना मात्र कौशल्या चुकाच चुका करते. आज पाला टाकून दिला आणि काड्या ठेवल्या. तिला समजावण्यात सकाळ गेली. मंद माणसाला शिकवणं हे तपाचं काम आहे. गंमत अशी की मी रागावले की मैना हलीमाबीच्या अंगणाकडे तोंड करून उभी राहते आणि तिचे खांदे हलतात. जावेबद्दल माया असावी.

मार्गशीर्ष वद्य द्वितीया.

मांजरीनं लोटा पाडला म्हणून लवकर जाग आली. चरखीवर कौशल्या, कापूस भरायला अनवरी, पाला निवडायला मैना. सगळं उलटं. मैना कौशल्याला विचारत होती, एवढ्या जोरानं फिरवायची का अजून सावकाश? मी खाकरले. तिघी आपापल्या जागी. मी म्हटलं, पोरींनो, खेळायला दिवस पडलेत. कौशल्यानं ताबडतोब एक चूक केली.

यांना सांगितलं. हे नुसते लिहून राहिले.

मार्गशीर्ष वद्य एकादशी.

शालिकराम गुमास्ता आला. आधी तिवस्याला जाऊन आला होता. हलीमाबी पोर कडेवर घेऊन कुडापाशी उभी. गुमास्त्यानं बाही सारली आणि ढिगात कोपरापर्यंत हात घातला. बराच वेळ काढला नाही. हलीमाबीनं पोराला इतकं घट्ट धरलं की ते रडलं.

हात कोरडा निघाला. गुमास्ता म्हणाला, कोणी शिकवलं बायाइले? तिघींनी माझ्याकडे बोट केलं. मी पदर सावरला.

मग तो म्हणाला, मंग मास्तरीणबाईनंच एकदा चालवून दाखवावी.

बसले. आता काठ सोडून पाण्यात उतरायची वेळ. पहिलीच मूठ हातात घेतली तर तूस नाकात गेलं. शिकवणीत जे सांगितलं तेच तोंडातून आलं. म्हटलं, कौशल्या, पाणी आण.

 गुमास्त्याची मान वर. हलीमाबीनं डोळे मिटले.

कौशल्या उठली. या वेळी तिनं विचार केला नाही. भरलेला लोटा आणून माझ्या ओठालाच लावला आणि म्हणाली, सकाळपासून बोलून राहिल्या आत्याबाई, घसा सुकला त्याइचा. मला तहान नव्हती. सगळा प्यायले. पिताना चरखी कशी चालवणार, म्हणून बाजूला सरकले, तोवर मैना चरखीवर बसली, अनवरीनं कापूस भरला, आणि रुई अशी निघाली जसं ताकावरचं लोणी.

गुमास्ता म्हणाला, चरख्या इथंच राहतीन. पार्वताबाईचा ढीग म्हणे आतून ओला होता. तिला कोणी शिकवलं असेल कोण जाणे.

पौष शुद्ध प्रतिपदा.

अनवरीच्या पोराची झोळी पडवीच्या पार टोकाच्या वाशाला, चरख्यांच्या धुळीपासून दूर. हलीमाबी मला म्हणाली, माणिकबाई, तुमी झोपता तवा लय चांगलं शिकवता. कौतुकाची अशी तऱ्हा मी पहिल्यांदाच ऐकली. त्यावर विचार केला. उत्तर द्यायच्या आधीच केला.

यांना विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं? म्हणाले, गावाले ठाऊक होतं.

पौष शुद्ध तृतीया.

कामं वाटली गेली. वाटली कौशल्यानं. जिची जशी कुवत, असं म्हणाली. मैना चरखीवर, पण सावकाश. अनवरी भरायला, झोळीकडे तोंड करून. मी ढिगापाशी काठी घेऊन. गावातल्या पुंजारामची शेळी कापूस खाते. देखरेखीचं काम शेवटी अनुभवी माणसालाच देतात.

पौष शुद्ध पंचमी.

शेळी आली. हाकलली.

कौशल्या चरखी थांबवून माझ्यापाशी आली, वाकली आणि म्हणाली, जमून राहिलं तुमाले, आत्याबाई.

बरं वाटलं. हे वाक्य लिहू नका म्हणून यांना सांगितलं आहे. बोरू मात्र हलला. काय लिहिलं, मला काय कळतं.