सहावी रेघ

२७ फेब्रुवारी, सकाळचे अकरा

चि. पेन्सिल,

अनेक आशीर्वाद. इकडे आई आणि मी ठणठणीत आहोत, तूही असशील असं धरून चालते. पत्रास कारण की... कारण जरा मागून येईल, आधी बातम्या घे.

आईला कानाचं मशीन घेतलं. आता तिला सगळंच ऐकू येतं, त्यामुळे माझी पंचाईत झाली आहे. मी फोनवर गिऱ्हाइकावर खेकसले की आतून लगेच "हळू बोल" येतं. कारखान्याचं दार पावसाळ्यात फुगून बसलं होतं, ते थंडीत आपोआप मोकळं झालं. पूर्वी मी पहिल्याच आठवड्यात त्याच्यावर रंधा चालवला असता आणि आज फटीतून येणारा वारा खात बसले असते. या खेपेला चार महिने खांदा लावून दार ढकललं.

तुझं पत्र पोचलं. त्याच्या शेवटच्या ओळीवर येतेच आहे.

तू गेल्यापासून फळ्यांची थप्पी मीच उलटते. बाबांचा नियम तू झोपेतही म्हणून दाखवायचास: चिरलेल्या फळीने दोन पावसाळे, दोन हिवाळे, दोन उन्हाळे बघायचे, ऋतू सरला की तिच्या टोकाला पेन्सिलीची एक रेघ, आणि सहा रेघा झाल्याशिवाय हत्यार लावायचं नाही. मला तो नियम म्हणजे आळसाला दिलेलं गोंडस नाव वाटायचं. तू कानावर पेन्सिल खोचून थप्पीपाशी तासन्‌तास काय करतोस, हेच मला कळत नसे.

आता कळतं. पावसाळ्यात फळ्या जड असतात, दोघींनी उचलाव्या लागतात. (हो, आईसुद्धा. तू रागावशील, पण तिला थांबवणार कोण?) थंडीत त्या टोकाकडून सुकायला लागतात. उन्हाळ्यात भर दुपारी थप्पीतून टक्‌ टक्‌ आवाज येतो. पहिल्यांदा मला उंदीर वाटले होते. मग मी रोज चहाचा कप घेऊन तिथे बसायला लागले. हिवाळ्यात ऊन तिसऱ्या खांबापर्यंत येतं आणि उन्हाळ्यात पहिल्याशीच थांबतं, हे इतकी वर्षं त्या शेडमध्ये वावरून मला माहीत नव्हतं. फळी वाजवून बघायलाही शिकले. ओली बद्द बोलते, सुकलेली खणखणीत.

तर, तुझी शेवटची ओळ. "ताई, माझे रंधे आणि पटाश्या विकून टाक. ज्याला सहा रेघा धड मोजता येत नाहीत, त्याच्या हातात हत्यार नको." तिकडे गोदामात खोकी मोजायला मशीन आहे, चूक होत नाही, असंही लिहिलं आहेस. हे वाचून मी दोन दिवस जेवले नाही. आईला सांगितलं, पित्त झालंय.

पेन्सिल, तू बरोबर मोजलं होतंस.

वाचनालयाच्या दारासाठी मी काढून ठेवलेल्या फळ्यांवर चारच रेघा होत्या. उद्घाटनाची तारीख मी ग्रंथपालांना देऊन बसले होते आणि सहा रेघांचं लाकूड संपलं होतं. तू जेवायला घरी गेला होतास. मी तुझ्याच टेबलावरची पेन्सिल घेतली आणि प्रत्येक फळीवर दोन रेघा वाढवल्या. तू परत आलास, फळी वाजवलीस आणि म्हणालास, "ताई, आवाज बद्द येतोय गं." मी म्हणाले, "कान तपासून घे. रेघा दिसत नाहीत का?" तू पुन्हा मोजल्यास. सहाच भरल्या.

पुढच्या मे महिन्यात दार वरपासून खालपर्यंत चिरलं. ग्रंथपालांसमोर तू म्हणालास, "मी सहा मोजल्या होत्या," आणि मी म्हणाले, "याचं लक्षच नसतं हो." घाबरले होते, एवढंच. तू माझ्याकडे बघितलंस आणि जूनमध्ये त्या गोदामाच्या नोकरीवर निघून गेलास. तेव्हाच सांगायला हवं होतं. मला लाज वाटत होती, आणि ती रोज थोडी वाढत गेली.

काल वाचनालयात जाऊन ग्रंथपालांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, त्या चिरेतून आमच्या टेबलावर वारा येतो. ज्यांनी दार केलं, त्यांनाच नवीन करायला सांगा. घाई नाही." आईलाही सांगितलं. ती म्हणाली, "मला मशीन नव्हतं, तेव्हाही तुझं खोटं ऐकू आलं होतं."

तुझी हत्यारं विकणार नाही. तेल लावून ठेवली आहेत. तू गेलास त्या आठवड्यात चिरून आलेल्या फळ्यांवर काल मी पाचवी रेघ मारली. खरी, ऋतू सरल्यावर. आता एक उन्हाळा राहिला आहे. तू माफ कर असं म्हणत नाही, तुला लागेल तेवढा वेळ घे. रागावून आलास तरी चालेल. पण तुझा कान बरोबर होता, एवढं आजच्या आज मनात पक्कं कर.

सहावी रेघ मी मारणार नाही. ती तुझ्या पेन्सिलीची आहे.

दोन रेघा जास्तीच्या मारणारी,
तुझी ताई