तुझी सव्वा मूठ

प्रिय किरण,

फोनवर तू मध्येच बोलतेस, मग मी ओरडते आणि सांगायचं राहूनच जातं. म्हणून लिहायला बसले. अक्षराला हसू नकोस, चौथीनंतर पेन धरलं ते सहीपुरतंच.

सकाळपासून ओटा तिसऱ्यांदा पुसला. एका जागी बसवत नाही. अमळनेरचा नळ अजून मनाला येईल तेव्हाच येतो. तू सांगून गेलीस तशी फिल्टरच्या वाया जाणाऱ्या पाण्याची नळी बादलीत सोडली आहे, त्या पाण्याने फरशी पुसते. तुझे पप्पा म्हणतात, पोरीची फी फरशीतून वसूल करतेस का. पुष्पाबाई शेजारून विचारायला आली, किरण नक्की काय शिकते म्हणून. मी सांगितलं, वस्तू अशी करायची की पुढे तिचा कचरा होऊ नये. म्हणते कशी, म्हणजे कचऱ्याचं शिक्षण. मी म्हटलं हो, तुझ्या दारातली गटार प्लास्टिकने तुंबते ना, तिचंच. पुन्हा आली नाही. खरं सांगू, मलाही सगळं कळत नाही. एक गोष्ट तेवढी कळली, आणि ती डोक्यातून जात नाही.

गेल्या श्रावणात कानबाईच्या सणाला तू आलीस. मी देवीच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू मोजत होते, तू मांडी घालून शेजारी बसलीस. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ, तेवढंच दळायचं, भाऊबंदांनीच खायचं, बाहेर द्यायचं नाही, टाकायचं नाही, पुनवेच्या आत संपवायचं. मी लग्नापासून करते, कधी विचार केला नाही. तू म्हणालीस, आई, आमचे सर हेच शिकवतात, खाणारी तोंडं बघून घ्यायचं आणि उरू द्यायचं नाही. केवढी खूश होतीस. मलाही बरं वाटलं, आपल्या घरचं काहीतरी कॉलेजात चालतं म्हणून.

मग पप्पांची झाली, तुझ्या भावाची, भूषणची झाली, नवलकाकांची झाली, त्यांच्या पाळण्यातल्या पोराचीही झाली. मी परात उचलली. तू विचारलंस, "त्याला दात नाहीत तरी त्याची मूठ आहे. मोजताना मी नाही, मग संपवताना कशी आहे?" सणाच्या दिवशी असलं ऐकून माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, तू उद्या परक्या घरची, तुला कशाला हवी. तू तशीच उठलीस. रोटाचा घास न घेता अहमदाबादची गाडी पकडलीस. दिवाळीला तुझं सबमिशन निघालं, उन्हाळ्यात आणखी काहीतरी. मला न कळायला मी काय लहान आहे?

तेव्हापासून वाढताना माझं लक्ष ताटांवर जातं. आणि एक दिवस पीठ मळता मळता हात थांबला. या घरचा रोट मीच मळते, मीच भाजते, उरलासुरला शेवटी मीच संपवते. माझी मूठ तरी कुठे आहे? तुझ्या त्या शिक्षणाने मला धड जेवूही दिलं नाही बघ.

तर काल गहू निवडले. कानबाईला अजून अवकाश आहे, इतक्या आधी कोणी मोजत नाही, पण मला दम नाही. सगळ्यांच्या मुठी झाल्यावर मी मोठ्याने म्हटलं, "कोकिळाची सव्वा मूठ. किरणची सव्वा मूठ." नवलकाका दारातच होते. म्हणाले, "हाई काय नवीन शे, वहिनी? इतला रोट कोण संपाडी?" मी म्हटलं, जिची मूठ ती संपवेल. तुझ्या पप्पांनी आधी चहा संपवला. मग विचारलं, अहमदाबादची गाडी इथे किती वाजता येते.

गहू आता एका फडक्यात बांधलेत. तुझे दाणे वेगळे काढायचे म्हटले तरी निघणार नाहीत. चूक कोणाची ते आल्यावर भांडू. पण रोट यंदा मोठा होणार आहे, माझ्या एकटीने संपणार नाही, आणि तो टाकता येत नाही. वाया घालवू नये हे तर तूच शिकतेस. तेव्हा ये आणि तुझ्या वाटचं खाऊन जा.

तुझीच,
वाट बघायचा कंटाळा असलेली
आई