ट्रंक रिकामी केली हाय

आवो,

तुमी पौडला गेलाय तवर ही चिठ्ठी लिवतीय. मी रत्नाकाकूंच्या खाचरात भात लावायला चालले. फोन घरीच ठेवलाय, उगं लावत बसू नका.

दुपारी माझा दादा जीप घेऊन येईल. मला न सांगता तुमी बोलावलंय, तर त्याला जेवायला तुमीच वाढा आन् जीप रिकामीच माघारी लावून द्या. तुमी पलटणीबरोबर दोन वर्सं बॉर्डरवर जाणार, म्हणून मी आन् दिशानं माहेरी जाऊन ऱ्हायचं, हे कुणाला इचारून ठरवलं?

पलंगाखालची तुमची काळी ट्रंक मला घावली. माझ्या साड्या बिस्तऱ्यागत घट्ट गुंडाळून भरल्यात. पैठणीला बी सुतळी बांधलीय! सगळ्या काढून परत कपाटात लावल्या. ट्रंकेवरचं तुमचं नाव पुसट झालंय, ते रंगवा आन् तिच्यात तुमचे लोकरी मोजे भरा.

आज मी काकूंच्या सावडीला गेले, म्हंजी परवा त्यांच्या बाया आपल्या खाचरात लावणीला येणार. तसा शब्द दिलाय. आता मला हितनं हलता येत न्हाई. तुमी बी शब्द दिलाय म्हणूनच निघालाय ना? मी आडवी आले का?

दिशाला शाळेतनं तुमी आणा. बाबा कुटं चाललाय, ते बी तुमीच सांगा. तेवढं माझ्याच्यानं व्हायचं न्हाई.

बदलीची ऑर्डर तुमच्या नावानं आलीय, माझ्या न्हाई.

हितंच ऱ्हाणारी,
रेश्मा