खणातल्या पोलादी वाट्या

२ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. नमस्कार आज नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकून, कारण बूट पोचले!

ताई, तुझ्या हाताला तोड नाही. बुटांतल्या, पायाची बोटं सांभाळणाऱ्या पोलादी वाट्या काढल्यास, त्या जागी चामड्याचा दुहेरी थर बसवलास आणि वरून अशी शिवण घातलीस की बूट उघडला होता हे कुणाच्या बापाला कळायचं नाही. आमच्याकडे रोज सकाळी सगळे मेकॅनिक रांगेत उभे राहतात. प्रत्येकाने आपल्या बुटाचं टोक अंगठ्याने दाबून बघायचं आणि वहीत आपल्या नावापुढे सही करायची, की माझे बूट ठीक आहेत आणि जबाबदारी माझी. मी आज दाबलं. तसूभर दबलं नाही. सही ठोकली आणि हलक्या बुटांनी पळालो.

पळालो म्हणजे खरंच पळालो गं. शर्यतीतली गाडी चाकं बदलायला आमच्यासमोर थांबते ती जेमतेम चार सेकंद. तेवढ्यात मी मागचं जुनं चाक उचलून बाजूला न्यायचं आणि पलीकडून सावकाशने नवं बसवायचं. सावकाश म्हणजे माझा जोडीदार. सगळ्यांना सावकाश, सावकाश म्हणत असतो म्हणून हे नाव, आणि हात मात्र त्याचेच सगळ्यात चपळ. त्याच्या बुटांत वाट्या आहेत, तरी तो माझ्याआधी मोकळा होतो, हेच तर माझं दुखणं. बुटाचं मापही आमचं एकच, आठ. महिनाअखेरीस मोठ्या चमूसाठी सहा जण निवडणार आहेत. आजच्या सरावात मी पहिल्यांदा त्याच्या बरोबरीने सुटलो.

आईला यातलं काही सांगू नकोस. लोभ आहे तो असाच ओसंडत राहू दे.

तुझा,
धाकट्या

९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. सोबत एक कानपिळी, ती समक्ष भेटीत मिळेल.

मला तू सांगितलं होतंस की वाट्या चावतात, फोड आलेत, नवे बूट मिळेपर्यंत चार दिवस काढून दे. फोडांचं नाव ऐकलं आणि मी विरघळले. आता पत्रात फोडांचा पत्ता नाही, सगळं सेकंदांचं पुराण. म्हणजे मला चक्क गुंडाळलंस की रे! वीस वर्षं चपला-बूट शिवतेय, गिऱ्हाईक फसवायला आलं तर मला दारातच कळतं, आणि घरचं पोर मात्र हातोहात बनवून गेलं.

तुझं पत्र आल्यापासून कामात लक्ष नाही. काल दोरा तीनदा तुटला. एका बाईंच्या सँडलला टाच उलटी ठोकली, त्या हसल्या, मला हसू आलं नाही. वाट्या मी बटणांच्या खणात टाकल्यात. खण ओढला की खणखणतात आणि मी तो तसाच बंद करते. तुझ्या भाचीने एकीत बाहुली निजवली होती, तर उगाच तिच्यावर खेकसले. तुझे भाऊजी म्हणतात, तो काय कुक्कुलं बाळ आहे, पाय त्याचा, तो बघून घेईल. पाय त्याचा हे खरं. पण शिवण माझी आहे ना.

पत्र मिळताच बूट परत पाठव. एका दिवसात वाट्या बसवून देते. आई बरी आहे, तुझी वाट बघते.

लोभ आहे, म्हणून तर ओरडते.

तुझी,
ताई

१५ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. कान आधीच लाल करून ठेवला आहे.

फोडांबद्दल चुकलो. पण खरं सांगितलं असतं तर तू सुईला हात लावला असतास का? तू नसती काळजी करतेस. इथे पायावर काही पडायला मी काय झोपा काढतो? चाकं सोडली तर, जिथे काही जड उचललं जातं तिथून मी दहा हात लांब असतो. निवड फक्त तेरा दिवसांवर आली आहे. आत्ता बूट पाठवले तर रांगेत काय घालून उभा राहू, चपला? निवड झाली की त्याच दिवशी पाठवतो, अगदी आईची शपथ.

एक गंमत ऐक. सावकाशने मला विचारलं की अलीकडे पंख फुटलेत का. मी म्हटलं, ताईचा आशीर्वाद. तो म्हणाला, मग एकदा माझ्यासाठीही माग. चांगला माणूस आहे गं. मला हे काम त्यानेच शिकवलं. म्हणून त्याच्याशी खोटं बोलताना जरा कसंसंच होतं.

निवडीपर्यंत राग आवरता घे, लोभ वाढता ठेव.

तुझा,
धाकट्या

२० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. आज एवढेच.

आईची शपथ आईला न विचारता घेऊ नये. तुझं पत्र तीनदा वाचलं. जे बूट घालून सावकाशशी खोटं बोलावं लागतं ते बूट तुझ्या पायात नकोत. उलट टपालाने पाठव, नाहीतर मीच येऊन घेऊन जाईन. दोन दिवस डोळ्याला डोळा नाही. हसू नकोस.

ताई

२६ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार कुठल्या तोंडाने लिहू?

परवा दुपारी मी जेवायला बसलो होतो, पायात चपला, बूट फळीवर. सावकाशच्या बुटांवर पेट्रोल सांडलं. तसे बूट घालून काम करायचं नाही असा नियम आहे. कोठारातून दुसरे आणायचे आणि वहीत पुन्हा सही करायची. पण घाई होती. त्याने फळीवरचे माझे बूट उचलले, सवयीने टोक दाबून पाहिलं, घट्ट लागलं, घातले. दहा मिनिटांत ढकलगाडीवरून गिअरबॉक्स घसरला तो थेट त्याच्या उजव्या पायावर.

दोन बोटं काढावी लागली. करंगळी आणि शेजारचं.

बूट दवाखान्यात कात्रीने कापून फेकून दिले. उस्तादांनी, म्हणजे आमच्या मुख्य मेकॅनिकने, त्याला विचारलं की बूट कुणाचे होते. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि फळीवरचे कुठलेतरी उचलले असं सांगितलं. मी त्याच्या खाटेपाशीच उभा होतो ताई. मी तोंड उघडलं नाही. नंतर कोठारातून नवे बूट घेतले, जुन्यांचा तळ गेला म्हणून सांगितलं.

आता अपघाताच्या कागदावर असं लिहिलंय की सही न करता साधे बूट घातले, त्याची स्वतःचीच बेपर्वाई. बरा झाला तरी त्याला परत घेणार नाहीत. आणि सहावी जागा त्याची होती, ती मला मिळतेय. उद्या-परवा यादी लागेल. सगळे पाठ थोपटतात आणि मला अन्न गोड लागत नाही. मी बोललो तर हे काम कायमचं सुटेल. मला दुसरं काही येत नाही. काय करू सांग.

धाकट्या

१ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद, तुला आणि त्यालाही.

पत्र वाचून मी दुकान बंद केलं आणि रडले. तुझ्यासाठी नाही रडले. त्याने अंगठ्याने दाबून पाहिलं होतं रे! त्याने आपलं काम केलं होतं. साधं फडकं कोंबलं असतं तर ते दबलं असतं, त्याला कळलं असतं, आज त्याची बोटं जागेवर असती. पण मला मेलीला हौस ना, की बूट हुबेहूब दिसला पाहिजे. दुहेरी थर, वर गोंद, वर हातोडी. एवढं चांगलं काम मी जन्मात केलं नव्हतं.

काय करू विचारतोस. तुला ठाऊक आहे, म्हणून तर विचारतोस. मी आधी उस्तादांच्या नावाने पार्सल बांधलं होतं. टपाल कचेरीच्या दारातून परत आले. माझ्याकडून त्यांना कळलं तर तुझ्याकडे काय उरेल? म्हणून वाट्या तुझ्याच नावाने पाठवतेय. सोबत वेगळी चिठ्ठी आहे, त्यात वाट्या मी काढल्या असं माझ्या सहीने लिहिलंय. माझ्या वाटची सही मी केली. तुझ्या वाटची तू कर.

काम सुटलं तर घरी ये. इथे दोन माणसांना पुरेल एवढ्या चपला रोज तुटतात.

लोभ तुटत नाही रे, कितीही ताणलास तरी.

ताई

१९ मार्च

ती. ताईंना,

सा. न. वि. वि. आपली ओळख नाही, पण तुमचं काम माझ्या पायात दहा मिनिटं होतं.

धाकट्याने सात तारखेला सकाळच्या रांगेत, सगळ्यांदेखत, दोन वाट्या आणि तुमची चिठ्ठी उस्तादांच्या वहीवर ठेवली आणि स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं. यादीतून नाव गेलं. गाडीजवळ जायला वर्षभर बंदी आहे, तोवर मागे चाकं धुतो. माझ्या कागदावरचा बेपर्वाई हा शब्द खोडला, पण सही चुकवल्याचा ठपका ठेवला. तो बरोबर आहे. दुसऱ्याचे बूट घातले आणि सही केली नाही, ही चूक माझीच. जूनपासून मला परत घेणार आहेत.

दवाखान्यात मी नाव सांगितलं नाही, ते मोठ्या मनाने नव्हे. त्याने ते स्वतः सांगावं असं वाटत होतं. अकरा दिवस वाट पाहिली. ताई, मी रागावलोय, त्याच्यावर आणि तुमच्यावरही. तो रोज संध्याकाळी डबा घेऊन येतो. मी डबा खातो, बोलत नाही.

पण काम तुमच्या हाताचंच हवं, कारण ती शिवण मी पाहिली आहे. वाट्या परत पाठवतोय. त्या घालून मला एक जोड करून द्या, उजव्याच्या पुढे मोकळ्या जागेत कापूस भरा. आणि वाटी आत बसवल्याची खूण म्हणून सगळ्यात वरच्या शिवणीत एक लाल दोरा घाला. टोक दाबलं तर फक्त घट्ट लागतं. आत वाटी आहे की नाही, ते त्या दोऱ्याने कळू दे.

मापासाठी पायाचा कागद जोडला आहे. तो धाकट्याने काढला. पेन्सील अंगठ्यापासून फिरवत आणली आणि शेवटी रिकाम्या जागेभोवतीही दोन बोटं काढून मोकळा झाला. मग त्याच्या लक्षात आलं. तो खोडायला लागला तर मी कागद काढून घेतला. तुम्हीच बघून कापा.

राग आहे तोवर लोभाचं लिहीत नाही. बूट आले की लिहीन.

आपला,
सावकाश